उंदराला काय विचारायचे?

नव्या औषधाची माणसावर चाचणी घेण्याआधी ते प्राण्यांवर तपासलेच पाहिजे, ही १९३८ पासूनची सक्ती अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यातून काढून टाकली. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पुढचे पाऊल टाकले. मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच ठरावीक रेणूला पकडण्यासाठी घडवलेले प्रतिपिंड) या वर्गातल्या औषधांपासून सुरुवात करून प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा त्याने जाहीर केला. तेव्हापासून अवयव-प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात एक जुनाच वाद नव्या जोमाने पेटला आहे. एक बाजू म्हणते, माणूस म्हणजे सत्तर किलोचा उंदीर नव्हे. उंदराच्या पाठीवर परकी कातडी टिकवण्याचे उपाय ढिगाने सापडले, त्यातले माणसात किती चालले? दुसरी बाजू नोबेल पारितोषिकांची यादी वाचून दाखवते आणि विचारते, ससे, उंदीर, कुत्रे नसते तर आज एक तरी मूत्रपिंड बदलता आले असते का?

दोन्ही बाजू यशापयशाचा हिशेब मांडत बसतात आणि वाद तिथेच फसतो. प्राण्यांवरच्या कलमांचे, म्हणजे परक्या ऊती अंगावर बसवून पाहण्याचे, प्रयोग गेली ऐंशी वर्षे दोन वेगळी कामे करत आले आहेत. एक काम यंत्रणा उलगडण्याचे: परक्या ऊतीला शरीर ओळखते कसे, तिच्यावर हल्ला कोणत्या पेशी करतात, कुठून निघतात, कोणत्या क्रमाने येतात. दुसरे काम भाकिताचे: अमुक औषध अमुक मात्रेत माणसाला मानवेल का. पहिल्या कामात उंदराने फारसा दगा दिलेला नाही. दुसऱ्या कामात तो वारंवार तोंडघशी पडला आहे. माझे मत असे की भाकिताच्या कामातून प्राण्यांना जमेल तितक्या लवकर मोकळे करावे. यंत्रणा उलगडण्याच्या कामात त्यांना आजतरी पर्याय नाही. आणि त्या कामासाठी जो उंदीर ठेवायचा, त्याला निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवण्याची सवय मोडायला हवी. कारण भाकिते चुकण्याचे एक मोठे कारण उंदराच्या जातीपेक्षा त्याच्या पिंजऱ्यात दडलेले आहे.

प्राण्यांची बाजू घेणारे आणि प्रयोगांची बाजू घेणारे, दोघेही एक गोष्ट सोयीने विसरतात. या विषयाची सुरुवात उंदरापासून झालीच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका तरुणीच्या जखमांवर तिच्या स्वतःच्या आणि तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावले. तिचे स्वतःचे तुकडे रुजले. भावाचे तुकडे आधी रुजल्यासारखे दिसले आणि मग नष्ट झाले. काही दिवसांनी भावाचेच तुकडे पुन्हा लावले, तेव्हा ते पहिल्या खेपेपेक्षा लवकर गेले. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणात पुढच्या सगळ्या विषयाचे बीज आहे. दुसऱ्या खेपेला शरीर घाई करते, याचा अर्थ पहिली भेट त्याच्या लक्षात राहिलेली असते. आणि असे लक्षात ठेवणे हे प्रतिकारयंत्रणेचे काम आहे.

मग मेडावर सशांकडे का वळले? कारण एक रुग्ण आणि एक भाऊ एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. दुसरी खेप लवकर गेली ती जखमेत जंतुसंसर्ग झाला म्हणून? की रुग्णाची प्रकृती खालावली म्हणून? की खरोखर त्या भावाच्याच ऊतीविरुद्ध शरीर सज्ज झाले होते म्हणून? हे वेगळे करायचे तर त्याच यजमानावर दुसऱ्या दात्याची कातडी लावून पाहावी लागते, कलमाचा आकार बदलून पाहावा लागतो, ठरावीक दिवशी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. भाजलेल्या रुग्णावर हे कोण करणार आणि कोणी का करू द्यावे? सशांवर ते झाले, आणि कलमाचा नाश दात्यानुसार ठरतो हे स्पष्ट झाले. इथे सशाने माणसाविषयी कसलेही भाकीत केले नाही. माणसात दिसलेल्या गोष्टीमागची कारणे त्याने एकेक करून वेगळी काढून दिली.

पुढची मोठी कलाटणी तर गुरांच्या गोठ्यातून आली. १९४५ मध्ये रे ओवेन यांनी दाखवले की गायीच्या पोटात वारेतून रक्त एकमेकांत मिसळलेली जुळी वासरे, ती एकरूप नसली तरी, मोठेपणीही एकमेकांच्या रक्तपेशी अंगात बाळगतात. मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जुळ्यांवर एकमेकांची कातडी लावली. एकरूप जुळी कोणती आणि भिन्न कोणती हे ओळखणे एवढाच मूळ हेतू होता. पण भिन्न जुळ्यांनीही परकी कातडी ठेवून घेतली आणि ओळखण्याची ती कसोटी निकामी ठरली. (शास्त्राच्या इतिहासात इतकी फलदायी नामुष्की विरळा.) मग १९५३ मध्ये रूपर्ट बिलिंगहॅम, लेस्ली ब्रेंट आणि मेडावर यांनी तीच गोष्ट मुद्दाम घडवून आणली. सीबीए नावाच्या वाणाच्या उंदरांना ते गर्भात असतानाच ए नावाच्या वाणाच्या पेशी टोचल्या. त्यातल्या काही उंदरांनी मोठेपणी ए वाणाची कातडी आपलीच असल्यासारखी बाळगली. प्रयोगाचा खरा कस पुढच्या पायरीत आहे. त्याच उंदरांना त्यांच्याच वाणाच्या, पण ए विरुद्ध आधीच सज्ज झालेल्या दुसऱ्या उंदरांच्या लसिका ग्रंथींतल्या (प्रतिकारपेशी जिथे जमतात आणि वाढतात त्या गाठींतल्या) पेशी टोचल्या, तेव्हा सुखेनैव नांदणारे ते कलम नष्ट झाले. म्हणजे कलम परकेच राहिले होते. बदल यजमानाच्या पेशींत झाला होता. हा निष्कर्ष कोणत्या मानवी चाचणीतून निघाला असता?

यानंतरची वीस वर्षे पाहिली तर एकेक प्रश्न आणि एकेक प्राणी यांची जोडी लागलेली दिसते. हल्ला रक्तातले प्रतिपिंड करतात की पेशी? १९५४ मध्ये मिचिसन यांनी उंदरांत दाखवले की परक्या कर्करोगी गाठीविरुद्धची प्रतिकारशक्ती एका प्राण्यातून दुसऱ्यात जाते ती लसिका ग्रंथींच्या पेशींबरोबर. नुसत्या रक्तद्रवाबरोबर जात नाही. रक्तातल्या छोट्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मरणपंथाला लागलेल्या असतात की कामाच्या? जेम्स गोवन्स यांनी रॅटच्या छातीतल्या लसिकावाहिनीतून त्या गोळा केल्या आणि त्या रक्तातून लसिकेत, लसिकेतून परत रक्तात अशा सतत फिरत असतात हे सिद्ध केले. थायमस ही ग्रंथी कशासाठी आहे? १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली आणि त्या उंदरांनी परक्या वाणाची कातडी नाकारलीच नाही. आज ज्यांना आपण टी-पेशी म्हणतो, त्यांच्या नावातला ‘टी’ या थायमसचा. त्याआधीच पीटर गोरर आणि जॉर्ज स्नेल यांनी शुद्ध वाणांच्या (पिढ्यान्‌पिढ्या भावंडांची वीण लावून एकसारख्या केलेल्या) उंदरांतून, ऊती आपल्या की परक्या हे ठरवणारा, एच-२ हा जनुकसमूह वेगळा काढला होता. माणसात त्याचाच जोडीदार म्हणजे एचएलए, ज्याची जुळणी आज प्रत्येक मूत्रपिंडासाठी तपासली जाते. यातला एकही निष्कर्ष माणसात येऊन उलटा पडलेला नाही.

कलम नाकारले जाते म्हणजे नेमके काय होते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वादातल्या दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकताना वाटते की ही एखाद्या बशीत घडणारी रासायनिक क्रिया आहे. कातडीचा तुकडा बसवला की त्यातल्या डेंड्रायटिक पेशी (परक्या रेणूंची वर्दी टी-पेशींना देणाऱ्या पेशी) लसिकावाहिन्यांतून बाहेर पडतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत पोहोचतात. तिथे यजमानाच्या टी-पेशी त्यांना भेटतात. एखाद्या साध्या जंतूच्या विशिष्ट खुणेला ओळखणारी टी-पेशी लाखात एखादीच असते. पण दुसऱ्या व्यक्तीच्या एचएलए रेणूंना प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशींचे प्रमाण शंभरात एक ते दहा इतके मोठे असू शकते. हेच कलमाचे दुर्दैव. त्या पेशी ग्रंथीत वाढतात, रक्तात उतरतात, कलमाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून आत शिरतात आणि उंदरात साधारण दहा-बारा दिवसांत कातडी काळवंडून गळते. १९६८ मध्ये बार्कर आणि बिलिंगहॅम यांनी गिनीपिगच्या कातडीचा एक भाग रक्तवाहिन्या शाबूत ठेवून लसिकावाहिन्यांपासून तोडला. त्यावर बसवलेले परके कलम नेहमीपेक्षा खूप जास्त टिकले. २००० साली लाक्किस यांच्या गटाने लसिका ग्रंथी आणि प्लीहा दोन्ही नसलेल्या उंदरांत परके हृदय बसवले, आणि त्या उंदरांनी ते नाकारले नाही. म्हणजे नाकारण्याचा निर्णय कलमाच्या जागी होत नाही, दूरच्या ग्रंथीत होतो. कलम, लसिका, ग्रंथी, रक्त आणि पुन्हा कलम हा सगळा प्रवास एका जिवंत शरीरातच पाहता येतो.

अलीकडच्या काळात याच चित्रात दुरुस्त्याही झाल्या आणि त्याही उंदरांतूनच. दात्याच्या डेंड्रायटिक पेशी ग्रंथीत फार थोड्या पोहोचतात. त्यांनी सोडलेले सूक्ष्म पुटक (पेशीतून सुटणारे बारीक फुगे) यजमानाच्या पेशींवर चिकटतात आणि त्या पेशी दात्याचे रेणू अंगावर मिरवत टी-पेशींना चेतवतात, हे २०१६ मध्ये पुढे आले. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना आठवण नसते हा पाठ्यपुस्तकी समजही ढळला: उंदराच्या या पेशी दात्याचे रेणू काही काळ लक्षात ठेवतात, असे २०२० मध्ये दिसले. ज्यांना वाटते की उंदराकडून शिकण्यासारखे सारे शिकून झाले, त्यांनी ही वर्षे पाहावीत.

आता विरोधकांचे म्हणणे, आणि त्यातले जे सर्वांत भक्कम आहे ते. उंदरांत १९९६ मध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. टी-पेशीला चेतण्यासाठी दोन इशारे लागतात; त्यातला दुसरा इशारा सीडी२८ आणि सीडी१५४ या रेणूंच्या वाटा एकाच वेळी अडवून बंद केला, तर परकी कातडी आणि परके हृदय दीर्घकाळ टिकते. माकडांतही सीडी१५४ विरोधी प्रतिपिंडाने मूत्रपिंडे टिकली. माणसांवर चाचणी सुरू झाली आणि १९९९ मध्ये थांबवावी लागली, कारण रुग्णांच्या रक्तात गुठळ्या होऊ लागल्या. सीडी१५४ हा रेणू माणसाच्या प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांवरही असतो. दुसरे उदाहरण त्याहून भयंकर. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन१४१२ हे सीडी२८ ला चेतवणारे प्रतिपिंड दिले गेले. माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या ती पाचशेवा हिस्सा होती. दीड तासाच्या आत सहाही जण कोसळू लागले. प्रतिकारपेशींनी सायटोकाइनचा (दाह भडकवणाऱ्या निरोप्या रेणूंचा) लोंढा सोडला आणि सगळ्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. ते वाचले. नंतर कळले की माकडांच्या ज्या अनुभवी टी-पेशींनी हा गोंधळ घालायला हवा होता, त्यांच्यावर सीडी२८ जवळपास नसतोच. उलट दिशेचेही उदाहरण आहे: टॅक्रोलिमस हे आज प्रत्यारोपणात प्रतिकारशक्ती दाबणारे मुख्य औषध. केंब्रिजमध्ये रॉय काल्न यांच्या गटाला कुत्र्यांत ते घातक वाटले होते. पिट्सबर्गमध्ये थॉमस स्टार्झल यांनी १९८९ मध्ये ते तरीही रुग्णांना दिले. कुत्र्याचे ऐकले असते तर ते औषध कपाटातच राहिले असते.

हे सगळे मान्य करावे लागते, आणि नैतिक मुद्दाही तितकाच स्वच्छपणे मान्य करावा लागतो. उपयोग झाला म्हणून वेदना देण्याचा हक्क मिळतो, असे कोणतेही नीतिशास्त्र सांगत नाही. भूल दिली तरी पाठीवर कलम शिवलेला उंदीर दुसऱ्या दिवशी भुलीत नसतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच पर्याय, घट आणि सुधार ही त्रिसूत्री मांडली. तिचा उच्चार प्रत्येक अर्जात होतो आणि व्यवहारात कित्येकदा फक्त उच्चारच होतो. पण या कबुलीतून ‘म्हणून सगळे बंद करा’ हा निष्कर्ष कसा निघतो? वरची तिन्ही उदाहरणे पुन्हा वाचली तर दिसेल की तिन्ही भाकिताची आहेत. ‘दुसरा इशारा अडवला तर टी-पेशी थंडावते’ हे यंत्रणेचे वाक्य खरेच राहिले. २०११ मध्ये मान्यता मिळालेले बेलाटासेप्ट हे औषध त्याच वाक्यावर उभे आहे. चुकले ते ‘म्हणून हे प्रतिपिंड माणसाला सुरक्षित आहे’ हे दुसरे वाक्य. पहिल्याच्या पुण्याईवर दुसरे खपवले गेले.

इथे एक जुनी जोडी आठवते. प्राचीन ग्रीक वैद्य गेलन यांनी माकडे आणि गुरे फाडून माणसाचे शरीर वर्णिले, आणि गुरांच्या मेंदूच्या तळाशी असलेली रक्तवाहिन्यांची जाळी माणसातही असते असे गृहीत धरले. तेराशेहून अधिक वर्षे वैद्य ती जाळी पढत राहिले. १५४३ मध्ये शरीररचनाकार वेसेलियस यांनी ती माणसात नाही असे ठणकावले. प्राण्यांनी फसवले, असे म्हणायला हरकत नाही. पण १६२८ मध्ये इंग्रज वैद्य हार्वे यांनी रक्ताभिसरण मांडले ते कशाच्या बळावर? बेडूक, साप, मासे यांच्या संथ हृदयांकडे तासन्‌तास पाहून. माणसाचे हृदय इतके भराभर चालते की त्याच्या हालचालींचा क्रम डोळ्यांना पकडता येत नाही. हार्वे यांनी प्राण्याला ‘हृदय ढकलते की ओढते’ हे विचारले. गेलन यांनी ‘माणसाच्या मेंदूखाली काय आहे’ हे बैलाला विचारले.

मग भाकिते इतकी का चुकतात? नेहमीचे उत्तर असते: जाती वेगळ्या. ते खरे आहे. माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर दुसऱ्या वर्गाचे एचएलए रेणू एरवीही असतात, उंदराच्या अस्तरावर ते एरवी नसतात, आणि कलमाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. पण या उत्तरावर थांबणे हा आळस आहे. प्रयोगशाळेतला उंदीर गाळलेली हवा आणि निर्जंतुक अन्न-पाणी यांवर वाढतो. त्याच्या टी-पेशींनी एकही खरी लढाई पाहिलेली नसते. प्रौढ माणसाच्या शरीरात मात्र बालपणापासूनच्या विषाणूंची आठवण बाळगणाऱ्या पेशींची फौज असते, आणि त्यातल्या काही परक्या एचएलएवरही तुटून पडतात. एपस्टाइन-बार विषाणूविरुद्ध तयार झालेल्या आणि एचएलए-बी४४ दिसताच चवताळणाऱ्या टी-पेशी हे याचे ठसठशीत उदाहरण. आठवण असलेल्या पेशीला दुसऱ्या इशाऱ्याची फारशी गरज नसते. तो अडवून तिचे काय बिघडणार? २००३ मध्ये एमरी विद्यापीठातल्या गटाने हेच उंदरांत तपासले. अनुभवशून्य उंदरांत जी उपाययोजना सहिष्णुता (परके कलम शरीराने मुकाट मानून घेणे) आणत होती, तीच एकामागून एक विषाणूंची लागण झालेल्या उंदरांत निष्फळ ठरली. उंदीर तोच, जनुके तीच, शस्त्रक्रिया तीच, उत्तर उलटे.

२०१६ मध्ये मिनेसोटातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या प्रतिकारपेशी मोजल्या तेव्हा त्या प्रौढ माणसापेक्षा नवजात अर्भकाच्या नाळेतल्या रक्ताशी जास्त जुळल्या. त्याच उंदरांना दुकानात पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उंदरांसोबत ठेवले. काही आजारांनी दगावले, जगले त्यांच्या पेशी प्रौढ माणसासारख्या दिसू लागल्या. २०१९ मध्ये रॉसहार्ट आणि रेहरमन यांनी त्याही पुढे जाऊन प्रयोगशाळेतल्या वाणाचे गर्भ रानातल्या उंदरिणींच्या गर्भाशयात वाढवले. जनुके प्रयोगशाळेची, जंतू रानाचे. मग त्यांनी जुने दुखणे उकरले: सीडी२८ ला चेतवणारे प्रतिपिंड. स्वच्छ उंदरांत ते शांतता राखणाऱ्या टी-पेशी वाढवत होते, म्हणूनच तर ते औषध वाटले होते. रानटी आईच्या पोटी जन्मलेल्या या उंदरांत तो फायदा दिसलाच नाही, दाह मात्र उसळला. लंडनमध्ये जे घडले त्याची पूर्वसूचना उंदीर देऊ शकला असता. आपणच त्याला आधी बाळ बनवून ठेवले होते आणि प्रौढाचे प्रश्न विचारत होतो.

यावर प्रयोगशाळांतून येणारा आक्षेप हलका नाही. उंदीर घाणीत ठेवला तर प्रत्येक पिंजरा वेगळा होईल, निकाल पुन्हा पुन्हा तसेच येणार नाहीत, आणि नको असलेल्या फरकांत खरा परिणाम बुडून जाईल. शुद्ध वाण आणि स्वच्छ पिंजरे याचसाठी तर आणले गेले. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भावंडांची भावंडांशी वीण लावत नेली नसती तर स्नेल यांना एच-२ सापडला नसता, हे मला मान्य आहे. पण निकाल तसाच पुन्हा येणे ही सत्याची एक अट आहे, सत्य नव्हे. चुकीचे उत्तर शंभर प्रयोगशाळांत तसेच आले म्हणून ते बरोबर होत नाही. आणि स्वच्छतेने फसवणूक थांबते म्हणावे, तर १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत विल्यम समरलिन यांनी पांढऱ्या उंदराच्या पाठीवरचे कलम टिकले आहे असे भासवण्यासाठी त्यावर काळ्या पेनाने रंग दिला होता. सहायकाने अल्कोहोलचा बोळा फिरवला आणि कलम ‘नाहीसे’ झाले. तो उंदीरही नियमानुसारच स्वच्छ होता. शुद्ध वाण ठेवावेत, पण ठरावीक विषाणूंची ठरावीक क्रमाने लागण देऊन अनुभवी उंदरांचा एक गट प्रत्येक सहिष्णुता-प्रयोगात सोबत असावा. जो उपाय अनुभवी गटात टिकत नाही, तो माकडापर्यंत जाऊ नये. याने एकूण प्राणी कमीच मरतील.

पर्यायांचे काय? इथे मी विरोधकांना त्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्त देतो. टीजीएन१४१२ चा अपघात माणसाच्या पेशींवर पकडता आला असता. पुढे दिसले की हे प्रतिपिंड द्रवात नुसते मिसळले तर माणसाच्या रक्तपेशी गप्प बसतात, पण ते पृष्ठभागावर चिकटवले किंवा पेशी आधी दाटीने वाढवल्या, तर त्या सायटोकाइन सोडतात. म्हणजे माणसाच्या विशिष्ट रेणूवर बसण्यासाठीच घडवलेल्या प्रतिपिंडाची सुरक्षितता तपासायला माणसाच्या पेशी माकडापेक्षा सरस आहेत. अमेरिकेच्या प्रशासनाने सुरुवात नेमक्या याच वर्गापासून केली, हे मला योग्य वाटते. तसेच २०२१ पासून मेंदूमृत व्यक्तींच्या शरीरात, कुटुंबाच्या संमतीने, जनुकबदल केलेल्या डुकरांची मूत्रपिंडे जोडून पाहिली गेली. त्यातून जे कळले ते बबून माकडांकडून कळले नसते. पण प्राण्यांना पर्याय म्हणून छोट्या चिपवर वाढवलेल्या मानवी ऊतीला लसिका ग्रंथी नाही, थायमस नाही, महिनोन्‌महिने चालणारा काळ नाही. जुनाट रिजेक्शन, म्हणजे कलम संथपणे नाकारले जाणे, हे वर्षानुवर्षे रक्तवाहिन्या अरुंद करत येते. ते बशीत कसे दिसणार?

आणि भाकिताच्या कामातही सगळ्या प्राण्यांना एका तागडीत तोलू नये. अस्थिमज्जा आणि मूत्रपिंड एकाच दात्याकडून घेऊन सहिष्णुता आणण्याची कल्पना ओवेन यांच्या वासरांपासून निघाली आणि सॅक्स यांच्या गटाने ती उंदरांत उभी केली. उंदरांत दोघांच्या रक्तपेशींचे मिश्रण कायम राहत असे. माकडांत ते काही आठवड्यांत विरून गेले, तरी मूत्रपिंड टिकले. २००८ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने पाच रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले: मिश्रण इथेही तात्पुरतेच ठरले, आणि पाचांपैकी चौघांची औषधे पूर्ण बंद करता आली. उंदराने तत्त्व सांगितले आणि माकडाने ते आपल्यासारख्या शरीरात कसे दिसेल हे सांगितले. माकड काढून टाकले असते तर मिश्रण विरलेले पाहताच डॉक्टरांनी तो उपाय फसला असे मानून सोडून दिला असता, अशी शक्यता मला खूप मोठी वाटते.

म्हणून प्राणी-नीती समित्यांच्या अर्जात मला एकच बदल हवा आहे. आज अर्जदार लिहितो की प्राण्यांची किती संख्या लागेल, वेदना कशी कमी करू, पर्याय का नाही. त्याने हेही लिहावे की या प्राण्यात कोणता निकाल आला तर मी माझी कल्पना सोडून देईन. ज्याला हे लिहिता येत नाही, त्याला प्राणी मिळू नयेत. यंत्रणेचा प्रश्न विचारणाऱ्याला हे लिहिणे सोपे जाते: लसिका ग्रंथी नसताना कलम तितक्याच वेगाने नाकारले गेले, तर माझे म्हणणे चूक. भाकितवाल्याला ते जड जाते, कारण उंदरात औषध चालले नाही तरी तो माकडाकडे जाणारच असतो आणि चालले तरी जाणारच असतो. मग उंदीर कशासाठी मारला?

सीडी१५४ ची गोष्ट १९९९ मध्ये संपली नाही. गुठळ्या का होतात, याचा शोध घेताना लक्षात आले की प्रतिपिंडाची शेपटी माणसाच्या प्लेटलेटवरच्या एका ग्राहक रेणूला पकडते, आणि उंदराच्या प्लेटलेटवर तो रेणू नसतोच. २०१० मध्ये तो मानवी रेणू उंदरांत घातला गेला. गुठळ्या लगेच दिसल्या. म्हणून नव्या पिढीच्या प्रतिपिंडांची शेपटी निकामी करून टाकली गेली. त्यांतलेच एक, टेगोप्रुबार्ट, मार्च २०२४ मध्ये बोस्टनमध्ये जनुकबदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड मिळालेल्या पहिल्या जिवंत रुग्णाला दिले गेले.